चवथीला गावी जाऊन आलं की प्लांटेड टँकमधले मासे मरतात, दरवर्षी तेच: केएच तपासा

तीन वर्षं लागोपाठ हे माझ्याकडे झालं, २०२२, २०२३ आणि २०२४. फोंड्याला आमचा फ्लॅट, घरात तीन फुटी टँक, ३६ बाय १८ बाय १८ इंच, सॉइल आणि लाकूड वजा केलं तर साधारण १५० लिटर पाणी. गच्च झाडं आहेत, मागे वॅलिस्नेरिया आणि हायग्रोफिला, मधे रोटाला, पुढे क्रिप्टोकोरिन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. मासे शांत जातीचे, निऑन टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा, सहा कोरी, दोन ओटो आणि चेरी श्रिंप. बाकी वर्षभर टँक बघायला येणारा माणूस हलत नाही इतका छान चालतो. पण चवथीला आम्ही आठ-दहा दिवस गावच्या घरी जातो, परत आल्यावर टँक थोडा मळलेला दिसतो, मासे मात्र ठीक पोहत असतात, मी निम्मं पाणी बदलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निऑन पांढरे पडून तळाला, रासबोरा वर तोंड काढून धापा टाकतायत. २०२३ ला एका रात्रीत १७ मासे गेले. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, तिने एकेक मोजून सांगितले, तो आकडा डोक्यातून जात नाही.

ज्यांच्याकडे असंच होतंय, म्हणजे पाणी न बदलता ठीक असतात आणि बदललं की मरतात, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला कारण सापडायला तीन वर्षं लागली आणि तेवढे मासे गेले.

पहिल्या वर्षी मी क्लोरीनला दोष दिला. पावसात नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास जास्त येतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढच्या वर्षी हायपो (क्लोरीन मारणारं रसायन) दुप्पट टाकला, शिवाय पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवलं. तरीही तेच. मग क्लोरीन तपासायचे थेंब आणले, ते टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, माझं पाणी झालंच नाही. म्हणजे क्लोरीन नव्हता. मग दुकानदाराने सांगितलं की फंगस आहे, औषध टाका, ते टाकलं आणि श्रिंप गेले कारण त्यात तांबं होतं. (श्रिंप असलेल्या टँकमधे कुठलंही औषध टाकण्याआधी त्यावर कॉपर लिहिलंय का ते वाचा, हे वेगळं सांगतोय पण महत्त्वाचं आहे.) पुण्याच्या एका मित्राला विचारलं, त्याचे टँक माझ्यापेक्षा जुने, तो म्हणाला अरे निम्मं काय, मी सत्तर टक्के बदलतो एका दमात, काही होत नाही. तो खरं तेच सांगत होता. पण त्याचं बोअरचं पाणी, केएच १२ च्या वर. आपलं पाणी तसं नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जो आम्ल आलं की ते मारतो आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) जागेवर धरून ठेवतो. गोव्यात खाली जांभा, त्याच्या खाली बहुतेक जुने रूपांतरित खडक, चुनखडी फारशी नाही, आणि वर वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. या पावसाने कॅल्शियम कधीच धुऊन नेलंय, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलंय, म्हणून तर चिरा तांबडा. नद्या सह्याद्रीतून निघून लगेच समुद्राला मिळतात, वाटेत पाण्यात विरघळायला काही मिळत नाही. त्यामुळे पाणी मऊ. माझ्या नळाचं मोजलं तर केएच २ डिग्री, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ६० ते ७०. विहिरीचं तर आणखी कमी, सावत्र भावाच्या घरच्या बांयचं (विहिरीचं) पाणी मोजलं तर पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे एकच्या आत.

निऑन आणि रासबोराला मऊ पाणी आवडतं, म्हणून आपण खूश असतो. पण साठा दोनच डिग्री असला तर तो संपायला वेळ लागत नाही, आणि झाडांच्या टँकमधे तो चार बाजूंनी संपतो. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, १ मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलीग्रॅम कार्बोनेट (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) खर्च होतं, आणि १ डिग्री केएच म्हणजे लिटरला फक्त १८ मिलीग्रॅम. अॅक्वासॉइल (झाडांसाठी तळाला घालतात ती माती) केएच शोषून घेते, ती बनवलीच त्यासाठी आहे. लाकडातून टॅनिन येतं, थोडं आम्ल तिकडून. आणि वॅलिस्नेरियासारखी झाडं पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कमी पडला की बायकार्बोनेटमधून कार्बन ओढून घेतात, हे मला माहीतच नव्हतं, मी आपला वॅलिस्नेरिया वाढतोय म्हणून आनंदात.

आता चवथीची साखळी बघा कशी जुळते. जुलै-ऑगस्टला नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून मी पाणी बदलणं पुढे ढकलायचो, दोन आठवडे, चार आठवडे, उडालेल्या पाण्याची भर तेवढी टाकायची. तोवर केएच शून्यावर. पीएच ६ च्या खाली उतरला की फिल्टरमधले बॅक्टेरिया मंदावतात, खूप खाली गेला तर जवळजवळ थांबतात. मग आम्ही गावी निघणार, शेवाळ येऊ नये म्हणून लाइटचा टायमर चार तासांवर, मग झाडंही अमोनिया कमी खातात. सुट्टीत टाकायचा खाण्याचा ब्लॉक पाण्यात, तो विरघळून सडतो. पावसात लाइट जाते, कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) पाच-सहा तास बंद, आतलं पाणी कुजतं आणि लाइट आल्यावर ते सगळं टँकमधे. दहा दिवसांत अमोनिया साठतो.

आणि तरीही आम्ही येतो तेव्हा मासे पोहत असतात! कारण आम्लात अमोनिया बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि तो माशांना तितका बाधत नाही. पीएच एक अंकाने वाढला की त्यातला विषारी भाग साधारण दहापट होतो. २८ डिग्रीच्या पाण्यात पीएच ६ ला विषारी भाग ०.०७ टक्के, ७ ला ०.७ टक्के, ८ ला साडेसहा टक्क्यांच्या आसपास. २०२४ ला मी परत आल्यावर पाणी बदलायच्या आधी पहिल्यांदा अमोनिया तपासला, रंग गडद हिरवा, लिटरला ४ मिलीग्रॅम. मी घाबरलो आणि जे सगळे करतात तेच केलं, ताबडतोब निम्मं पाणी बदललं. अमोनिया ४ चा २ झाला. पण नळाच्या पाण्याने थोडा केएच आला आणि पीएच ६ च्या खालून चढत ७.४ वर गेला. हिशेब मांडून बघा, एकूण अमोनिया निम्मा पण त्यातला विषारी अमोनिया ०.००३ च्या खालून ०.०३५ वर, म्हणजे निदान बारापट. ०.०२ च्या पुढे त्रास सुरू होतो असं धरून चालायचं. वर मासे धापा टाकताना दिसले म्हणून मी एअर पंप पूर्ण सोडला, त्याने पाण्यातला सीओटू उडाला आणि पीएच आणखी चढला.

शिवाय टीडीएसचा झटका वेगळाच. दीड महिना नुसती भर टाकत राहिल्यामुळे टँकचा टीडीएस २८० झाला होता, नळाचा ६५. निम्मं बदललं की एका तासात १७० च्या घरात. कोरी आणि श्रिंपना हे अजिबात झेपत नाही, श्रिंप दोन-तीन दिवसांनी कात टाकताना मरतात आणि आपल्याला वाटतं आता हे कशाने मेले.

हे तुमच्याकडे होतंय का हे ओळखायच्या खुणा आहेत. गोगलगाई बघा, रॅम्सहॉर्नच्या कवचाचा मधला जुना भाग पांढरा, खरवडल्यासारखा, कधी भोकं पडलेली, हे सगळ्यात आधी दिसतं, माझ्याकडे जूनपासून दिसत होतं आणि मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दुसरं म्हणजे पीएचचं नेहमीचं थेंबांचं किट, जे निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जातं, ते ६ च्या खाली दाखवतच नाही. पिवळं आलं की आपण ६ लिहून मोकळे होतो, प्रत्यक्षात ५.८ असेल नाहीतर ५ असेल, रंग तोच. म्हणून किट पिवळं दाखवत असेल तर पीएचवर थांबू नका, केएचचं किट घ्या. ५ मिलि पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, निळं दिसून मग पिवळं होतं, जितके थेंब तितक्या डिग्री. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं म्हणजे साठा संपत आलाय. बारीक मोजायचं असेल तर १० मिलि पाणी घ्या, मग एक थेंब म्हणजे अर्धी डिग्री. पीएच आणि केएचच्या दोन किटपैकी एकच परवडत असेल तर आपल्याकडे गोव्यात केएचचं घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

झाडांसाठी टँकमधे सीओटू सोडणाऱ्यांना प्रश्न पडेल की पीएच सीओटूमुळे खाली आहे की केएच संपल्यामुळे. सोपं आहे, टँकचं पाणी एका तपेलीत घ्या, त्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे करणारा दगड) रात्रभर सोडा, सकाळी पीएच मोजा. चांगला वर आला तर तो सीओटू होता, काळजी नको. तिथेच खाली राहिला तर साठा गेलाय. आणि तो पीएच-केएचचा सीओटू सांगणारा तक्ता केएच शून्याच्या जवळ असताना काही उपयोगाचा नाही, त्यावरून सीओटू वाढवू नका, मासे गुदमरतात.

बरं, आता तुम्ही गावाहून आलात आणि टँक मळलाय. पहिल्या दिवशी पाणी बदलू नका. हाताला सवय असते, बादली उचललीच जाते, पण नका. पीएच, केएच, अमोनिया तिन्ही मोजा. अमोनिया शून्य असेल तर घाई काहीच नाही, रोज दहा टक्के बदलत आठवड्यात जागेवर आणा, म्हणजे टीडीएसचा झटकाही बसत नाही. अमोनिया आहे आणि केएच शून्य आहे तर खाणं बंद, मोठ्या माशांना आठवडाभर न खाता काही होत नाही. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळतं ते पूर्ण टँकच्या हिशेबाने टाका (नंतर किट अमोनिया दाखवतच राहतं, घाबरू नका, बांधलेला अमोनियाही त्यात मोजला जातो). झिओलाइट मिळालं तर धुऊन जाळीत बांधून फिल्टरमधे ठेवा, कोळंबीच्या शेतीचं सामान विकणाऱ्यांकडे स्वस्त मिळतं, गोड्या पाण्यात ते अमोनियम ओढून घेतं. टायमर परत आठ तासांवर आणा, वर तरंगणारी झाडं असतील तर राहू द्या, ती सगळ्यात भुकेली असतात. आणि दहा टक्के पाणी रोज, एवढंच. अमोनिया अर्ध्या मिलीग्रॅमच्या खाली आला की मग केएच चढवायचा, दिवसाला अर्धी डिग्री, त्याहून जास्त नाही. अमोनिया असताना सोडा किंवा शिंपले टाकायचे नाहीत, ते म्हणजे निम्मं पाणी बदलण्यासारखंच होईल.

ज्यांनी पाणी आधीच बदललंय आणि मासे आत्ता धापा टाकतायत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. पीएच चढायचा तो चढून गेलाय. म्हणून आधी कंडिशनर, मग एअर स्टोन लावा कारण ३० डिग्रीच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच लिटरला साडेसात मिलीग्रॅमच मावतो आणि रात्री झाडंही तोच ओढतात. टँकचा पीएच नळाच्या बरोबरीला आलाय का बघा, आला असेल तर आता आणखी पाणी बदलल्याने फायदाच आहे, कारण पीएच पुढे चढणार नाही आणि अमोनिया पातळ होईल.

आता कायमचा उपाय, जो आमच्या स्वयंपाकघरातूनच मिळाला. तिसऱ्या खाल्ल्या की शिंपले आपण फेकतो, ते म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आई तिसऱ्यांचं सुकं करते तेव्हा मी आता शिंपले मागून घेतो, मांस आणि तो आतला चिवट तुकडा नीट काढायचा, उकळायचे, दोन दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलत, म्हणजे खारटपणा जातो, कडक उन्हात वाळवायचे आणि बत्त्याने जाडसर कुटायचे. खुब्यांचेही चालतात, पण ते जाड असतात, हळू विरघळतात. १५० लिटरला एक मूठभर, सुमारे १०० ग्रॅम, जाळीच्या पिशवीत घालून कॅनिस्टरच्या शेवटच्या कप्प्यात. याची खुबी अशी की पाणी आम्ल असेल तेव्हाच ते जास्त विरघळतं, पीएच सातच्या वर सरकला की मंदावतं, त्यामुळे हात चुकला तरी एकदम अनर्थ होत नाही. श्रावणात आमच्याकडे मासळी बंद, म्हणून जूनच्या आतच दोन वाट्या शिंपले वाळवून डब्यात भरून ठेवतो. किनाऱ्यावरून कोरलचे तुकडे आणू नका, कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, गुन्हा होतो, आणि घरचे शिंपले तेच काम करतात.

घाईत चढवायचा असेल तर खायचा सोडा, १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच साधारण १ डिग्री वाढतो. पण एका दिवसात निम्माच, वेगळ्या भांड्यात विरघळवून. रोजचा उपाय म्हणून नको, सोडियम साठत जातो आणि झाडांना त्याचा उपयोग नाही, उलट शिंपल्यातून कॅल्शियमही मिळतं. पानाचा चुना तर अजिबात नको, कोणी सांगितलं तरी, चिमटीभर चुन्याने पीएच कुठल्या कुठे जातो.

गढूळ पाण्यावर आमच्याकडे आजीच्या काळापासून तुरटी फिरवतात. पिण्याला ठीक, टँकच्या पाण्याला नको. तुरटी गाळ खाली बसवते तेव्हा केएच खाते, आपल्याकडे मुळात दोनच डिग्री, आणि आम्ल पाण्यात अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना त्रास देतं. मी आता एक २०० लिटरचं पिंप गॅलरीत ठेवलंय, नळाचं पाणी त्यात भरून दोन दिवस स्थिर, आत एक साधा स्पंज फिल्टर, वरचं नितळ पाणी हायपो टाकून वापरायचं. पावसात आठवड्याला १५ टक्के बदल चुकवत नाही. गच्चीचं पावसाचं पाणी फुकट मिळतं म्हणून काही जण तेच टाकतात, त्यात केएच शून्यच असतो, टाकायचंच असेल तर शिंपल्यांची पिशवी पिंपात सोडून दोन-तीन दिवस हवा मारून मग टाका.

गावी जाण्याआधीची तयारीही बदलली. निघायच्या आदल्या दिवशी मोठी साफसफाई करत नाही, फिल्टर आठवडाभर आधी धुतो तोही टँकच्याच पाण्यात. केएच २ च्या खाली असेल तर आधी तो नीट करतो. लाइट सहा तास, चार नाही. खाण्याचा ब्लॉक बंद, शेजारच्या वहिनींना पाच पुड्या करून देतो, एक दिवसाआड एक, आणि फ्लेक्सचा डबा कपाटात ठेवून जातो कारण प्रेमाने माणूस जास्तच टाकतो. लाइट तीन-चार तासांच्या वर गेली होती का एवढं त्यांना फोनवर विचारतो, गेली असेल तर कॅनिस्टरचं बटण बंद ठेवायला सांगतो, टँकमधे एक स्पंज फिल्टर बॅटरीवाल्या पंपावर आहे तो चालू राहतो, कॅनिस्टर मी आल्यावर उघडून, धुऊनच सुरू करतो.

२०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती, आम्ही नऊ दिवस गावी. आल्यावर मोजलं, केएच अडीच, अमोनिया शून्य, पीएच ६.८, टीडीएस १४०. क्रिप्टोची चार पानं गळालेली, काचेवर हिरवा थर, बस. पाणी तिसऱ्या दिवशी बदललं, दहा टक्के. मुलीने निऑन मोजले, २२ सोडून गेलो होतो, २२ च होते.

बांयचं पाणी वापरणाऱ्यांना एक शेवटचं. ताज्या उपशाच्या पाण्यात सीओटू खूप असतो, लगेच मोजलं तर पीएच साडेपाच दाखवेल आणि तुम्ही घाबरून सोडा ओताल. आधी रात्रभर हवा मारा, मग मोजा. भावाच्या टँकमधे पिंपात एक पिशवी आणि फिल्टरमधे एक अशा दोन ठेवल्यात, पाच महिन्यांनी पिशवी काढली तर शिंपले पातळ होऊन बोटाने मोडत होते, तेव्हा बदलले. त्याच्या गोगलगाईंच्या कवचाला आता कडेने तपकिरी नवा भाग आलाय, जुना पांढरा तसाच आहे, दोन्हीच्या मधली रेघ स्पष्ट दिसते.